एक रस्ता, एका सकाळपुरता

मोटार रॅलीचा आमचा हंगाम चार फेऱ्यांचा ठरला होता. झाल्या तीन. चौथी रद्द झाल्याचं कळलं ते आदल्या संध्याकाळी सहा वाजता. गाडीची तपासणी झाली होती, दारांवर नंबर चिकटवले होते आणि मी चहाच्या टपरीवर बसून नोट्सची वही पुन्हा एकदा स्वच्छ अक्षरात उतरवून काढत होतो. रस्ता बंद ठेवायची परवानगी मिळाली नाही, एवढंच सांगण्यात आलं. कुणी नाकारली, कशासाठी नाकारली, अर्ज कोणत्या टेबलावर थांबला, हे आयोजकांनाही सांगता आलं नाही. सोलापुरातून टेम्पोत गाडी चढवून आम्ही रात्रभर प्रवास करून गेलो होतो. तसेच परत आलो. आमच्या गटात आम्ही तिसरे होतो, दुसऱ्या जोडीपेक्षा तीन गुणांनी मागं. तिसरेच राहिलो.

क्रमांक गेला त्याचं मला फारसं वाटत नाही. वाटतं ते वेगळंच. कबड्डीला मैदान लागतं, कुस्तीला आखाडा लागतो, तसा या खेळाला काही तासांचा रिकामा रस्ता लागतो. तो मिळवायची सरळ, लेखी आणि वेळेत निकाल देणारी वाट आपल्याकडं नाही. ओळख असेल तर मिळतो, नसेल तर आदल्या संध्याकाळी जातो. अशानं हंगाम उभा राहत नाही. विभागीय स्पर्धेचा अर्थच असा असतो की चार-पाच ठिकाणी, ठरलेल्या तारखांना, ठरलेल्या नियमांनी फेऱ्या होतात आणि सगळ्यांचे गुण मिळून वर्षाचा विजेता ठरतो. एक फेरी गळाली की सगळ्या वर्षाचा हिशेब वाकडा होतो. सरकारनं या खेळाला हो म्हणायची आणि नाही म्हणायचीही रीत ठरवावी, आणि त्यातली एक फेरी सोलापूर जिल्ह्यात व्हावी, असं माझं ठाम म्हणणं आहे.

आधी हा खेळ काय आहे ते सांगतो, कारण आपल्याकडं रॅली म्हटलं की झेंडे लावलेल्या मोटारसायकली डोळ्यांसमोर येतात. मोटार रॅलीत गाड्या एकमेकींशेजारून पळत नाहीत. एका वेळी एकच गाडी सुटते, मग मिनिटाचं-दोन मिनिटांचं अंतर ठेवून पुढची. पुढच्या गाडीची फक्त धूळ दिसते. स्पर्धा घड्याळाशी असते. ज्या तुकड्यावर वेगाची वेळ मोजतात त्याला स्टेज म्हणतात, आणि तो तुकडा वाहतुकीला पूर्ण बंद असतो. एका स्टेजवरून दुसऱ्या स्टेजकडं जाताना मात्र गाडी साध्या रस्त्यावरून, साध्या माणसांसारखीच न्यायची. सिग्नल पाळायचा, वेगमर्यादा पाळायची, गाडीला नंबर प्लेट आणि विमा हवा. पुढच्या टाइम कंट्रोलला, म्हणजे वेळ नोंदवायच्या चौकीला, कार्डावर लिहिलेल्या मिनिटालाच हजर व्हायचं. आंतरराष्ट्रीय नियम असा आहे की उशीर झाला तर मिनिटाला दहा सेकंदांचा दंड आणि लवकर पोचलात तर मिनिटाला अख्ख्या एका मिनिटाचा. घाईला उशिरापेक्षा सहापट जास्त शिक्षा आहे. हा नियम मी कॉलेजच्या पोरांना सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही.

आणि गाडीत दोघं असतात. चालवणारा माझा मित्र, शेजारी मी, नॅव्हिगेटर. माझं काम वाचायचं. स्पर्धेच्या आधी रेकी असते, म्हणजे तोच रस्ता साध्या गाडीतून, ठरवून दिलेल्या मंद वेगानं दोनदा फिरायचा आणि प्रत्येक वळण वहीत उतरवायचं. एक म्हणजे सगळ्यांत अवघड वळण, सहा म्हणजे जवळजवळ सरळ. बहुतेक जोड्या इंग्रजीत लिहितात. आम्ही पहिल्या फेरीत तसंच केलं आणि दुसऱ्याच स्टेजला मी अडखळलो, मित्रानं ब्रेक लावला, आठ-दहा सेकंद गेले. मग मराठीत लिहायला लागलो. वहीतलं एक पान असं आहे: "उजवा चार, ऐंशी, चढ डोळ्याआड, सरळ धर, डावा तीन घट्ट, आत दगड, कापू नको, पन्नास, फरशी, पाणी असेल, उजवा दोन." ऐंशी, पन्नास म्हणजे पुढच्या खुणेपर्यंतचे मीटर, आणि फरशी म्हणजे ओढ्यावरचा बुटका पूल. हे मी हेल्मेटमधल्या माइकवर म्हणत असतो आणि तो ऐकत असतो. चढापलीकडचा रस्ता त्याला दिसत नाही, तरी तो ॲक्सिलरेटर सोडत नाही, कारण वहीत "सरळ धर" लिहिलंय. पुढं काय आहे ते आधी जाऊन बघितलं, लिहून ठेवलं आणि शेजारच्यावर विश्वास ठेवला, तरच हा वेग येतो. नुसती छाती असलेली माणसं या खेळात पहिल्या तीन स्टेजमध्येच शेतात जातात.

आता आपल्या शहराकडं येऊ. रात्री अकरानंतर पुणे रोडला बाळे भागाच्या पुढं निघालात तर काय दिसतं हे या शहरातल्या कुठल्याही बापाला विचारा. दोन गाड्या शेजारी-शेजारी येतात, हॅझर्ड लाइट लागतात, मागच्या सीटवरचा एकजण खिडकीतून अर्धा बाहेर येऊन मोबाइल धरतो, आणि उसाच्या डबल ट्रॉलीला घासून दोन्ही गाड्या निघून जातात. ट्रॉलीला मागं लाल दिवा नसतो, रिफ्लेक्टर चिखलानं भरलेला असतो. मी स्वतः एका रात्री अशी गाडी दुभाजकावर चढलेली बघून थांबलो होतो. आतल्या पोरानं सीटबेल्ट लावला नव्हता. बेल्टची चिमटी मागून तशीच अडकवून ठेवली होती, गाडीनं टिंग-टिंग करू नये म्हणून. पोरगा वाचला. त्याच्या हाताला कापड बांधताना मी विचारलं, कशासाठी रे? तो म्हणाला, "काका, कुठं चालवायची मग?"

त्या पोरानं केलं ते चूकच होतं, आणि तसं करणाऱ्यांना पोलिसांनी पकडलंच पाहिजे. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर आपण दिलेलं नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 189 सार्वजनिक जागी शर्यत लावणं हा गुन्हा ठरवतं. 2019 च्या दुरुस्तीनंतर पहिल्या वेळी तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, आणि पुन्हा सापडला तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कायदा कडक आहे आणि तो तसाच हवा. पण त्याच कलमात सुरुवातीलाच शब्द आहेत: राज्य सरकारच्या लेखी संमतीशिवाय. म्हणजे संमती घेऊन शर्यत होऊ शकते, हे कायदा करणाऱ्यांनीच धरून चाललं होतं. दार भिंतीत आधीच आहे. फक्त कडी कुठं आहे ते अर्जदाराला कुणी सांगत नाही.

हेच आपण बैलगाडा शर्यतीच्या बाबतीत बघितलं. 2014 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानं बंदी घातली, 2017 मध्ये राज्यानं कायद्यात दुरुस्ती केली, 16 डिसेंबर 2021 ला न्यायालयानं अटींसह परवानगी दिली आणि 18 मे 2023 ला घटनापीठानं ती दुरुस्ती कायम केली. आज शर्यत भरवणाऱ्याला अर्ज कुठं करायचा, कुणाची तपासणी होणार, अटी काय, हे माहीत असतं. गावागावांतल्या लोकांनी सरकारच्या मागं लागून ते मिळवलं. मोटार खेळाच्या मागं तेवढी गावं नाहीत, म्हणून तो तसाच लोंबकळत राहिला. देशात या खेळाची राष्ट्रीय संघटना 1971 पासून आहे, राष्ट्रीय रॅली स्पर्धा 1988 पासून आहे, आपल्याच राज्यात नाशिकच्या बाजूला रॅली ऑफ महाराष्ट्र झाली आहे. गौरव गिलनं आशिया-पॅसिफिक रॅली स्पर्धा 2013, 2016 आणि 2017 अशी तीनदा जिंकली आणि 2019 मध्ये त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला. मोटार खेळातला तो पहिलाच अर्जुन. सरकारनं पुरस्कार देऊन हा खेळ आहे असं मान्य केलं. मग त्याचं मैदानही मान्य करायला हवं.

इथं माझ्याच बाजूचे लोक एक गोष्ट बोलायची टाळतात. ती मी टाळणार नाही. 21 सप्टेंबर 2019 ला राजस्थानात बाडमेर जिल्ह्यात राष्ट्रीय स्पर्धेची स्टेज चालू असताना बंद केलेल्या रस्त्यावर एक मोटारसायकल आली आणि रॅलीची गाडी तिच्यावर गेली. नवरा, बायको आणि त्यांचा मुलगा, एकाच घरातले तिघं गेले. गाडी चालवणारा देशातल्या सर्वांत अनुभवी चालकांपैकी होता, म्हणजे कौशल्य कमी पडलं असं म्हणायला जागा नाही. रस्ता कागदावर बंद होता आणि जमिनीवर उघडा होता. 1986 मध्ये पोर्तुगालच्या रॅलीत रस्त्यात उभ्या राहिलेल्या गर्दीत गाडी घुसली आणि तीन प्रेक्षक मेले, दोनच महिन्यांनी कॉर्सिकात चालक आणि त्याचा नॅव्हिगेटर जळून मेले. त्यानंतर ग्रुप बी नावाच्या गटाच्या त्या अति ताकदवान गाड्याच जागतिक रॅली स्पर्धेतून काढून टाकल्या. या खेळातला प्रत्येक नियम कुणाच्या तरी मरणानंतर लिहिला गेला आहे. म्हणून जो म्हणतो की "आमच्या रस्त्यावर नको", त्याच्याशी मी भांडत नाही. त्याला मी विचारतो, रस्ता खरोखर बंद करायचा तर काय काय करावं लागेल, ते आपण मिळून लिहून काढू या का?

ते लिहून काढायला सोलापूर जिल्हा चांगला आहे, आणि अवघडही आहे. चांगला एवढ्यासाठी की आपल्याकडं मुरमाचे मोकळे रस्ते आहेत, घाट नाहीत, दऱ्या नाहीत. गाडी सुटली तर शेतात जाते, खाली जात नाही. अवघड एवढ्यासाठी की आपली माणसं गावठाणात कमी आणि वस्तीवर जास्त राहतात. बारा किलोमीटरचा रस्ता घेतला तर त्याला चाळीस पायवाटा येऊन मिळतात. बाडमेरला जे झालं ते इथं होऊ द्यायचं नसेल तर गावाच्या चावडीवर नोटीस लावून भागणार नाही. प्रत्येक वस्तीवर माणूस जायला हवा, एकदा पंधरा दिवस आधी आणि एकदा आदल्या दिवशी. दुधाचं कॅन कधी जातं, शाळेची गाडी कधी येते, डायलिसिसला कुणाला जायचंय, बाळंतपण कुठं जवळ आलंय, हे विचारून लिहून घ्यायला हवं. प्रत्येक पायवाटेच्या तोंडाला पट्टी बांधलेली नको, माणूस उभा हवा, आणि तो त्याच वस्तीतला हवा, कारण गावातला म्हातारा परक्या पोराच्या शिट्टीला जुमानत नाही, पण पुतण्यानं हात केला की थांबतो. त्या माणसाच्या हातात वॉकीटॉकी हवी आणि त्याच्या एका शब्दावर स्टेज थांबायला हवी. ॲम्ब्युलन्स जायची असेल तर स्पर्धा थांबेल, वेळ रद्द होईल, पुन्हा सुरू होईल. ही तरतूद नियमांत आहेच. ती वापरायला आयोजक कचरतात, कारण वेळापत्रक कोलमडतं. कोलमडू दे.

ग्रामसभेचा ठराव ही मी पहिली अट ठेवीन. नुसता सरपंचाचा सही-शिक्का मला पुरेसा वाटत नाही. आणि रस्ता सकाळी घेतला तसा संध्याकाळपर्यंत रोलर फिरवून परत द्यायचा, त्याची अनामत आधी ग्रामपंचायतीकडं ठेवायची. चाळीस गाड्या एकामागून एक वळणावर मुरूम उकरतात, तिसऱ्या गाडीपासूनच चाकोऱ्या पडतात, हे मी जवळून बघितलंय.

जागा निवडताना उत्तर सोलापूरचा नान्नज-मार्डीचा माळ पहिल्यांदा बाजूला ठेवायचा. तिथं 1979 पासून माळढोक अभयारण्य आहे. माळढोक आता नशिबानंच दिसतो, पण लांडगा आहे, काळवीट आहे, जमिनीवर अंडी घालणारे पक्षी आहेत. तो माळ मोकळा दिसतो म्हणून रॅलीवाल्यांची नजर तिकडं जाते, मी एकदोघांच्या तोंडून ऐकलंही आहे. तिथं कधीच नाही. सांगोल्याकडं डाळिंबाच्या बागा आहेत, पंढरपूरच्या कासेगाव भागात द्राक्षं आहेत. तयार फळावर धुळीचा थर बसला तर शेतकऱ्याच्या वर्षाची माती होते. म्हणजे तेही नाही. मग उरतो मंगळवेढ्याच्या दक्षिणेचा पट्टा, हुलजंती, सलगर, भोसे, नंदेश्वर या बाजूचा, जिथं ज्वारी निघाली की रान उघडं पडतं.

तारखेचंही तसंच. आषाढीला जिल्ह्यातला प्रत्येक पोलीस पंढरपुरात असतो, कार्तिकीलाही. दिवाळीपासून पुढं रस्त्यावर ऊस असतो. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्डा यात्रा. मार्गशीर्ष-पौषात ज्वारी उभी असते आणि हुरड्याला माणसं रानात असतात. माझ्या हिशेबानं होळी ते पाडवा हा पंधरवडा बरा. ज्वारीची काढणी झालेली असते, गाळप बहुतेक आटोपलेलं असतं, चैत्रातल्या जत्रा सुरू व्हायच्या असतात. ऊन मात्र चढलेलं असतं. गाडीत एसी नाही, अंगात आग न लागणारा जाड सूट, वर हेल्मेट. म्हणून सकाळी सहाला सुरू करून दहाच्या आत स्टेज मोकळी करायची. गावालाही तेच सोयीचं. दहावीची परीक्षा असेल तर रविवार सोडून दुसरा दिवस घ्यायचा नाही.

"चार-चार दिवसांनी नळाला पाणी येतं त्या शहरात हे चोचले कशाला?" हा प्रश्न मला घरातूनच विचारला जातो. आणि मंगळवेढ्याची जी 35 गावं पाण्यासाठी वर्षानुवर्षं भांडत आली, त्यांच्याच रानात गाड्या पळवायला जायचं म्हणजे जखमेवर मीठ, असंही एकानं मला तोंडावर सांगितलं. मी त्याला उत्तर दिलं नाही, कारण त्या क्षणी माझ्याकडं नव्हतं. आज एवढंच म्हणेन की सरकारच्या तिजोरीतला एक रुपया यासाठी मागू नये. बंदोबस्ताचा खर्च आयोजकांनी भरावा, ॲम्ब्युलन्स आयोजकांनी आणावी, आणि गाव नको म्हणालं तर गाडी वळवून न्यावी. पाण्याचा लढा आणि पोरांचा खेळ यांतलं एकच निवडायचं असेल तर मीही पाणीच निवडीन. पण खेळ थांबवल्यानं त्या गावात एक घागर जास्त आलेली मी बघितलेली नाही.

माझ्या डोक्यात मात्र खेळापेक्षा मोठी गोष्ट घोळत असते ती कोइमतूरची. तेही गिरण्यांचं शहर. सूतगिरण्या, त्यांची यंत्रं बनवणारे कारखाने, फाउंड्र्या, लेथ. तिथल्या गिरणी-यंत्रांच्या घराण्यातल्या एस. करीवर्धन या माणसानं रेसच्या गाड्या बनवायला घेतल्या. 1995 मध्ये विमान अपघातात तो गेला, आणि पुढं त्याच्या नावानं तिथं कायमचा रेस ट्रॅक उभा राहिला. भारताचा पहिला फॉर्म्युला वन चालक नारायण कार्तिकेयन त्याच शहरातला. आज देशात कुणाला रॅलीची गाडी बांधून घ्यायची असेल तर पावलं आपोआप तिकडं वळतात. आमच्याही वळतात. आपल्याकडं जुनी मिल 1877 ची. आपल्याकडंही मागावर दोरा न तुटू देणारा हात होता, यंत्रमागाच्या मोटारी बांधणारे होते, साखर कारखान्यांचे टर्नर-फिटर आहेत. मिल बंद पडल्या आणि तो हात पुण्याला गेला.

आमच्या गाडीचा रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा पिंजरा, सोलापुरातच अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत बसवला. ज्यानं वेल्डिंग केलं तो एरवी उसाच्या ट्रॉल्या बनवतो. घरात तेलुगू, दुकानात कन्नड, आमच्याशी मराठी. त्याला आम्ही नियमपुस्तकातलं चित्र दाखवलं. पाइप कोणत्या जाडीचा, कुठं जोड चालतो, कुठं चालत नाही, पायपाला किती सेंटीमीटरची पाटी हवी. त्यानं दोन तास नुसतं बघितलं. मग म्हणाला, हे चित्र उलटलेल्या गाडीचं आहे, सरळ उभ्या गाडीचं नाही. म्हणजे काय ते मला कळायला वेळ लागला. गाडी उलटी झाल्यावर वजन कुठून कुठं जाईल याचा तो विचार करत होता. तपासणीला गेलो तेव्हा तपासनीसानं प्रत्येक जोडावरून बोट फिरवलं आणि विचारलं, कोइमतूरला केलं का? तो माणूस वर्षाला एकच केज बनवतो, आमचा. जिल्ह्यात एक फेरी झाली, तिच्यामुळं इथं चार-पाच जोड्या तयार झाल्या, तर तो पाच बनवील.

म्हणून माझी मागणी मोठ्या रॅलीपासून सुरू होत नाही. आधी सोलापुरात राष्ट्रीय संघटनेच्या नियमाखाली नोंदलेला एक क्लब हवा. त्यानं पहिलं वर्ष वेग नसलेल्या, फक्त वेळ आणि अंतर पाळायच्या स्पर्धा घ्याव्यात, ज्यात चालू रस्त्यावर साध्या गाड्या आणि साधी घड्याळं पुरतात. दुसऱ्या वर्षी मोकळ्या मैदानात आखलेल्या वाटेवरची स्पर्धा. त्या दोन वर्षांत मार्शल, म्हणजे रस्त्याकडेला उभं राहून तो सुरक्षित राखणारे, तयार होतील, आणि माझ्या मते चालकापेक्षा मार्शल तयार होणं जास्त गरजेचं आहे. मग तिसऱ्या वर्षी विभागीय हंगामातली एक फेरी मागावी. आणि राज्य सरकारनं मधल्या काळात एवढं करावं की कलम 189 च्या संमतीसाठी एक नमुना अर्ज, एक खिडकी आणि एक मुदत ठरवावी. स्पर्धेच्या निदान तीस दिवस आधी लेखी उत्तर. नकार असेल तर कारणासह. आम्हाला त्या संध्याकाळी नुसतं कारण कळलं असतं तरी पुढच्या वर्षी ते दुरुस्त करून आलो असतो.

मंगळवेढ्याच्या दक्षिणेचे तीन रस्ते मी मोटारसायकलवरून फिरून मोजले आहेत. पहिल्यावर वस्त्या जास्त आहेत, तो मीच खोडला. दुसऱ्यावर ओढ्याची फरशी फुटलेली आहे. तिसरा नऊ किलोमीटरचा आहे, त्याला सत्तावीस पायवाटा मिळतात, दोन ठिकाणी शाळा रस्त्याला लागून आहे आणि एका ठिकाणी विहीर कठडा नसलेली आहे. प्रत्येक पायवाट कोणत्या वस्तीला जाते, तिथं किती घरं, हे वहीत लिहिलंय. त्या विहिरीपाशी वळण डावं तीन आहे. पुढं काही ठरो वा न ठरो, तिला कठडा बांधून घ्या म्हणून गेल्या आठवड्यात ग्रामपंचायतीत अर्ज देऊन आलोय. बाकीची वही घेऊन जिल्हा कचेरीत बोलावतील त्या दिवशी यायला मी तयार आहे.